चार पुंजणी आणि एक जेट

भंडाऱ्याच्या कार्यालयात बातमीदार म्हणून काम करत असताना हिवाळ्यात एक बातमी ठरलेली असे. धानाची कापणी झालेली, भारे बांधून शेतातच त्यांचे पुंजणे, म्हणजे मोठा ढीग, रचलेले, मळणी व्हायची बाकी, आणि त्या पुंजण्याला आग लागलेली. वर्षाचे धान तासाभरात राख. बातमी पाच वाक्यांची व्हायची. गाव, शेतकरी, किती एकरांचे धान, पंचनामा झाला की व्हायचा आहे. पाचवे वाक्य बहुतेक वेळा तेच असे: आगीचे कारण समजू शकले नाही. हे वाक्य इतक्या वेळा लिहिले की पुढे पुढे ते आधी टाईप करून ठेवत असे.

नोकरी संपल्यावर ते वाक्य विसरलो होतो. एका विमानामुळे ते परत आठवले.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारे मॉडेल. त्याआधी बरीच वर्षे बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणारी मॉडेल उडवून झाली होती. हे जेट होते. नाकापासून शेपटीपर्यंत दोन मीटर, पंखांची रुंदी एक मीटर नव्वद सेंटिमीटर, इंधनासह वजन साडेअकरा किलो. पोटात खरे टर्बाइन इंजिन, तांब्याएवढे, रॉकेलवर चालणारे. मिनिटाला सव्वा लाख फेरे. मागून निघणाऱ्या वायूचे तापमान सहाशे अंशांच्या वर. वाळलेले तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पेटायला याच्या निम्मेही पुरते.

जोडणीला चौदा महिने लागले. घरामागच्या खोलीत पूर्वी जुन्या अंकांचे गठ्ठे होते, ते रद्दीत दिले आणि तिथे टेबल टाकले. भाग खोक्यांतून आले. फायबरचे धड, हलक्या लाकडाचे पंख, हवेच्या दाबावर आत-बाहेर होणारी चाके. इंजिन जुने होते, दुसऱ्या शहरातल्या एका शौकिनाने वापरलेले. प्रत्येक कामाची नोंद वहीत केली: वेळ, काय केले, काय निष्पन्न झाले. जुनी सवय. त्या वहीत आज पाहिले तर पहिल्या बारा महिन्यांत भीती हा शब्द कुठेही नाही. विमान जमिनीवर होते तोवर फक्त ते बिघडण्याचा प्रश्न होता.

इंधनाची टाकी पंखांच्या मधोमध, तोल साधतो त्या जागी बसते. तिच्यातून रॉकेल बाहेर आणणाऱ्या नळ्या पितळेच्या, चार मिलिमीटर जाडीच्या. नळीच्या टोकाला एक बारीक कडे डाखावे लागते. त्यावर रबरी नळी चढवली की दाबाने निसटत नाही. मी तीनदा डाख दिला आणि तिन्ही वेळा गळला. तेव्हा नळ्या खिशात घालून बाजारात, पितळी भांड्यांच्या ओळीत गेलो.

तिथे एक कारागीर बसतात. वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना काका म्हणतो. भांड्यांचा धंदा बसत चालल्याची बातमी मी त्यांच्या दुकानात बसून दोनदा लिहिली होती. ते त्यांच्या लक्षात होते.

“या पत्रकार,” ते म्हणाले. “पुन्हा आमच्या मरणाची बातमी घ्याले आले का?”

“नाही काका. काम घेऊन आलो.”

त्यांनी नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरली. “हे काय, बासरी? भोकं कुठं हायत?”

“विमानाची आहे. आतून रॉकेल जाते.”

“कोन बसते त्या विमानात?”

“कोणी नाही बसत.”

“मंग पडलं त रडन कोन?”

शेजारच्या दुकानातला माणूस हसला. मी वहीत काढलेले चित्र दाखवले. टोकाला कडे, भोवती डाख, एवढेच. काकांनी चित्र पाहिले, नळ्या तागडीत टाकून उगाच तोलल्या आणि परवा या म्हणाले.

परवा नळ्या तयार होत्या. डाख एकसारखा, कुठे गाठ नाही. फुंकून पाहिले, हवा सरळ जात होती.

“एकदम पक्कं काम करून देल्लं,” काका म्हणाले. “तुमच्या नातवालेही पुरन.”

पक्के म्हणजे काय केले, ते मी विचारले नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू केले ते घरामागच्या अंगणात, सकाळी, लोखंडी स्टँडवर आवळून. इंधन विमानाच्याच टाकीतून दिले. हाताशी कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे. इंजिन सुरू होताना आधी छोटी मोटर ते फिरवते. मग आत ठिणगी, मग रॉकेलचा वास, मग एक बारीक शिट्टी. शिट्टी चढत जाते आणि पडद्यावरचे आकडे तिच्याबरोबर चढतात. आकडे चढत असताना दुसरीकडे पाहता येत नाही. पहिल्या दिवशी इंजिन सहा मिनिटे चालले. गल्लीतून तक्रार आली ती आवाजाची. एका बाईंना वाटले की घरात कुकर फुटतो आहे.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मिनिटाला इंजिन आपोआप बंद पडले. पडद्यावर एकच ओळ होती, फेरे कमी झाल्याची. गाळणी उघडली. इंधन गाळणाऱ्या जाळीवर पांढुरकी भुकटी होती, चिमूटभरही नाही. रॉकेलचा डबा जुना होता. रेशनवर रॉकेल मिळायचे त्या काळापासून घरात पडून होता. डबा बदलला, रॉकेल दोनदा गाळले. त्यानंतर नऊ वेळा इंजिन चालवले. एकदाही बंद पडले नाही. वहीत नोंद आहे: कारण, डब्यातील घाण. उपाय, डबा बदलला. कारण लिहिले होते. तपासले नव्हते.

मग रेडिओची तयारी. हातातल्या यंत्राचा आणि विमानाचा संपर्क तुटला तर विमानाने काय करावे हे आधीच शिकवून ठेवावे लागते. इंजिन बंद करावे, असे शिकवले. ते खरेच शिकले का हे पाहायला इंजिन चालू ठेवून हातातले यंत्र बंद केले. दोन सेकंदांत शिट्टी उतरली. हा प्रयोग सहा वेळा केला. सहाव्यांदा करताना कळले की खात्री पहिल्याच वेळी झाली होती. बाकीचे पाच वेळा दुसऱ्याच कशासाठी चालले होते. उडवण्याची जागा ठरली होती, आणि तिथे पुंजणी होती.

जागा सिहोऱ्याजवळच्या एका गावात, बहिणीच्या सासरी. बहीण माझ्याहून मोठी, तिला मी बाई म्हणतो. तिचे यजमान म्हणजे भाऊजी, शेती धानाची. त्यांच्या शेतातून एक सिमेंट रस्ता गेलेला आहे. गावापासून निघतो, बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधून, सरळ सव्वादोनशे मीटर जातो आणि एका धुऱ्यापाशी, शेताच्या बांधापाशी, संपतो. पुढे का गेला नाही हे गावात कोणी सांगत नाही. टर्बाइनला खडी चालत नाही. एक खडा आत ओढला गेला तर इंजिन संपते. जिल्ह्यात एवढी लांब, सरळ, गुळगुळीत आणि वाहन नसलेली दुसरी जागा मला माहीत नव्हती. नकाशावर तो भाग उड्डाणासाठी मोकळा दाखवलेला होता. ठाण्यात लेखी कळवले होते.

रस्ता पूर्व-पश्चिम. उत्तरेला तलाव. दक्षिणेला भाऊजींच्या बांध्या, आणि त्यात चार पुंजणी. मी पावलांनी अंतर मोजले. सर्वांत जवळचे पुंजणे रस्त्यापासून अडतीस पावलांवर. भाऊजी धुऱ्यावर बसून माझे मोजणे पाहत होते.

“साळेबुवा, मोजणी अधिकारी झाला का तू?”

“भाऊजी, मळणी झाल्यावर येतो ना मी. हे सगळे उचलले की.”

“मळणी झाली का तणस साऱ्या रस्त्यावर पडते. मंग उन्हाळी धानाचे पऱ्हे, रोपं लावनं, मंग चिखल. ट्रॅक्टर रस्ता असा करते का तुले तुह्या विमानाची चाकं शोधा लागन. आता पाह्य, झाडून ठेवल्यासारखा हाय.”

हे खरे होते. रस्ता वर्षातून तीन-चार आठवडेच असा असतो.

“धान तुमचे आहे.”

“माहीत हाय न. तुह्या बापानं हुंड्यात नाही देल्लं.” मग ते हसायला लागले. “तूच लिहत होता न पेपरात, पुंजणं जळालं, पुंजणं जळालं? आता सोताच जाळून सोताच लिहशील का?”

मला हसता आले नाही. त्यांना हसता आले याचे आश्चर्य वाटले. त्या चार ढिगांत त्यांचे वर्ष होते. खाण्याचे, विकण्याचे, बियाण्याचे. पेटले तर हातात काही उरत नाही. हे मला कागदावरून माहीत होते, त्यांना अंगावरून. तरी घाबरलेला मी होतो आणि ते बिडी शोधत होते. मी त्यांच्या हातातल्या काडेपेटीकडे पाहिले. त्यांनी ती खिशात टाकली.

जेवताना बाईने विचारले, “बाबू, तुले भेव वाटते न?”

“थोडे.”

“मंग काहून उडवतं?”

“चौदा महिने लागले बनवायला.”

“आमाले चार महिने लागले,” ती म्हणाली, आणि भाजी वाढली. टोमणा होता की नुसती माहिती, ते कळले नाही.

उड्डाणाची योजना कागदावर काढली. सगळी वळणे उत्तरेकडे, तलावावर. दक्षिणेकडे विमान एकदाही न्यायचे नाही. इंजिन बंद पडले आणि रस्ता गाठता आला नाही तर विमान तलावात टाकायचे. ही ओळ मी अधोरेखित केली. पाण्यात गेले म्हणजे संपले. धड फुटेल, यंत्रे भिजतील, इंजिन गाळात जाईल. ते मान्य करून ओळ लिहिली होती. भाऊजींना वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “तलाव मासेमारीवाल्यायनं घेतला हाय, त्यायले सांगून ठेवतो, जाळं टाकू नका म्हनून.”

ठरलेल्या दिवशी सकाळी साडेआठला धुके विरले. वारा जवळजवळ नव्हता. बाई रस्त्याच्या गावाकडच्या टोकाला उभी राहिली, कोणी सायकल घेऊन येऊ नये म्हणून. भाऊजी म्हणाले, मी इकडंच हिंडतो, आणि बांध्यांकडे निघून गेले. मी त्या वेळी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. उड्डाणाआधीच्या तपासण्यांची यादी वाचत होतो. यादीत एकेचाळीस ओळी होत्या. सत्तावीस क्रमांकावर आलो आणि थांबलो. सव्वीस पुन्हा वाचली.

इंजिन सुरू झाले. आकडे नेहमीसारखे. विमान रस्त्यावर सरळ धावले, साधारण ऐंशी मीटरवर चाके उचलली गेली आणि ते वर गेले. वर गेल्यावर आवाज बदलतो. अंगणातली शिट्टी तिथे नव्हती. मागून एक लांब फाटणारा आवाज येत होता, विमान पुढे आणि आवाज मागे. पहिली फेरी तलावावरून. थोडे उजवीकडे ओढत होते, ते दुरुस्त केले. दुसरी फेरी. तिसरी. बोटे हलकी झाली होती. घड्याळाने तीन मिनिटे सांगितली. एकूण चार मिनिटे झाली की उतरायचे होते. मला आठवते, त्या वेळी पहिल्यांदा वाटले की काहीही होणार नाही.

तीन मिनिटे चाळीस सेकंदांनी आवाज थांबला.

हळूहळू उतरला नाही, कापल्यासारखा थांबला. विमान तलावाच्या पूर्व टोकावर होते, उंची साठ-सत्तर मीटर, नाक माझ्याकडे वळत असलेले. इंजिन नसलेले जेट तरंगत राहत नाही. दगडापेक्षा थोडे बरे, एवढेच. खाली पाणी होते. कागदावर ओळ होती. मी विमान रस्त्याकडे वळवले.

हा निर्णय घेतला असे म्हणता येणार नाही, कारण काही ठरवल्याचे आठवत नाही. रस्ता दिसत होता आणि तो जवळ वाटला. वळण संपेपर्यंत दोन सेकंद गेले. त्यानंतर तलाव मागे पडला होता. विमान रस्त्यावर तिरके आले, उंच आले, आणि रस्ता ओलांडून दक्षिणेला गेले. ज्या बाजूला एकदाही न्यायचे नव्हते तिथे. समोर पहिले पुंजणे होते. मी हातातल्या यंत्राची काडी डावीकडे दाबली. पंख पुंजण्याच्या बाजूने गेला, किती अंतरावरून ते माझ्या जागेवरून सांगता येत नव्हते. मग चाके धसकटांत अडकली, एक पाय तुटला, विमान एका पंखावर घसरत गेले आणि दुसऱ्या पुंजण्याच्या अलीकडे थांबले.

मी नळकांडे उचलून धावलो. धुरा ओलांडताना पडलो, उठलो. बंद पडलेल्या टर्बाइनची मागची नळी कितीतरी मिनिटे तापलेली असते. टाकीत अजून दीड लिटर रॉकेल होते. विमान कलंडलेले, नळीचे तोंड जमिनीला लागलेले, आणि जमिनीवर वाळलेली धसकटे. पन्नास पावलांवरून एक बारीक निळसर धूर दिसला.

तेवढ्यात पुंजण्यामागून भाऊजी बाहेर आले. हातात ओले पोते, पाणी गळत होते. त्यांनी ते दोन्ही हातांनी शेपटीवर टाकले. वाफेचा आवाज झाला. ते वाकून दुसरे पोते उचलायला वळले.

आणि मी ओरडलो, “भाऊजी, इंजिनवर पाणी नका टाकू!”

ते थांबले. माझ्याकडे पाहिले. मग दुसरे पोते पहिल्याच्या वर टाकले, त्यावर पाय दिला आणि म्हणाले, “इंजिन तुह्यं. धान माह्यं.”

मी पोहोचलो तेव्हा नळकांडे वापरण्यासारखे काही उरले नव्हते. तरी रॉकेलची नळी चिमटीत धरून बंद केली, बॅटरी सोडवली. भाऊजी पोत्यावर उभेच होते. बाई रस्त्यावरून धावत आली, धुऱ्यापाशी थांबली, पुंजण्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. पदराने तोंड पुसले.

दहा मिनिटांनी पोती काढली. पहिल्या पोत्याला ताटलीएवढे भोक पडले होते. खाली धसकटांचा काळा गोल होता. तिथून पुंजण्याच्या कडेपर्यंत मी पावले मोजली. नऊ.

मग आजूबाजूला पाहिले. प्रत्येक पुंजण्याच्या पायथ्याशी दोन-दोन ओली पोती होती. एकूण आठ. त्यांतली दोन वापरली गेली. उरलेली सहा दुमडून, वर मातीचे ढेकूळ ठेवून मांडलेली, उडू नयेत म्हणून.

“केव्हा ठेवली?” मी विचारले.

“पहाटेच. तलावात बुडवून आणली.”

“मला बोलला नाहीत.”

“बोललो असतो त तुह्या हाताले अजून कापरं भरलं असतं.” ते खाली बसले. त्यांनी स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले.

थोड्या वेळाने मी म्हणालो, “भाऊजी, तलावात टाकता आले असते.”

“पाह्यलं म्या,” ते म्हणाले. पुढे याबद्दल कधी बोलले नाहीत.

विमान भंडाऱ्याला परत आणले. इंजिन मी उघडले नाही, आधी गाळणी उघडली. जाळी पांढुरक्या भुकटीने पूर्ण भरलेली होती. डबा नवा होता, रॉकेल गाळलेले होते. तेव्हा टाकी कापली, एक पितळी नळी बाहेर काढली आणि उभी चिरली. आतली बाजू पितळेच्या रंगाची नव्हती. पांढरी होती.

नळी घेऊन काकांकडे गेलो.

“काका, याला आतून काय केले होते?”

“कल्हई,” ते म्हणाले, जणू मी दूध पांढरे का विचारले. “बिना कल्हईच्या पितळेत कोनी काही ठेवते का? चिंच ठेवा, ताक ठेवा, कळकून जाते. म्या म्हटलं, पत्रकारानं सांगतलं नाही, पन काम अर्धं कायले द्याचं.”

“आत कशी केली? नळी एवढी बारीक.”

“तापवली, कथील न नवसागर सोडला, सुताची वात ओढली आरपार.”

भांड्याला कल्हई झाली की आतला नवसागर कापडाने पुसून काढतात, ते मी त्यांच्या दुकानात पाहिलेले होते. नळीत कापड जात नाही. राहिलेला नवसागर सुटून थोडा-थोडा गाळणीपर्यंत जात राहिला. अंगणात विमान स्थिर होते, म्हणून कमी. वर गेल्यावर सगळे हादरले, आणि एकदम आला. हे मी काकांना सांगितले. पुंजण्याचेही सांगितले.

त्यांनी चिरलेली नळी चष्मा काढून बघितली. बोटाने आत घासायचा प्रयत्न केला. बोट आत गेले नाही. शेजारचा माणूस काहीतरी विनोद करायला आला होता, तो परत गेला.

“आत हात जात नाही तिथं कल्हई कराची नसते,” ते शेवटी म्हणाले. “हे माह्या बापानं सांगतलं होतं मले. कमंडलूच्या तोटीले बी आम्ही नाही करत.” मग विचारले, “धान वाचलं न?”

“वाचले.”

“पूरं?”

“पूर्ण.”

त्यांनी नळी परत दिली नाही. हातोडी, चिमटे टांगतात त्या खिळ्यांपैकी एका खिळ्याला अडकवून ठेवली. नव्या नळ्या त्याच दिवशी करून दिल्या, आतून कोऱ्या. हातात देताना डोळ्याला लावून दोनदा बघितल्या.

वहीत दोन कारणे लिहिली. पहिले, नळीतील नवसागर. दुसरे, वळण. दुसऱ्यापुढे आणखी लिहायला जागा सोडली होती. ती तशीच आहे.

मळणी दोन आठवड्यांनी झाली. मी आदल्या दिवशी गेलो. मळणीयंत्र सकाळी लागले. पहिले पुंजणे उपसले, मग दुसरे. दुसऱ्याचे भारे मी वाहिले. शेवटचा थर उचलेपर्यंत मान वळवून यंत्राला जोडलेल्या ट्रॅक्टरच्या धुराड्याकडे पाहत होतो. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून एकदा ठिणगी उडाली. ती मी पाहिली आणि भाऊजींनीही पाहिली. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. संध्याकाळपर्यंत बांधीत फक्त तणस उरले, आणि काळा गोल. त्यावरून यंत्राची चाके गेली होती, तरी ओळखू येत होता.

दोन दिवसांनी निघताना बाईने एक पोते रिक्षात ठेवायला लावले. तांदूळ होता, नव्या धानाचा, मिलमधून आणलेला. पोत्याच्या मधोमध दुसऱ्या बारदान्याचा तुकडा लावलेला होता, ताटलीएवढा, दाभणाने चारही बाजूंनी शिवलेला.

“दुसरे पोते नव्हते का?” मी विचारले.

“होतं न,” ती म्हणाली. “आठ होती. हेच देल्लं.”

भंडाऱ्याला पोहोचल्यावर पोते ठेवायला मागच्या खोलीशिवाय जागा नव्हती. टेबलावर विमान होते, एक पाय नसलेले. रिक्षावाल्याच्या मदतीने पोते टेबलाखाली ठेवले. तिथून तुकड्याची बाजू दाराकडे येत होती. फिरवून ठेवायला गेलो, पण वजन होते, एकट्याने हलले नाही.